ताटली रिकामी जाऊ नये

उम्म मित्रीची ताटली वर आली की ती रिकामी खाली जात नसे. अम्मानजवळच्या सल्त गावातल्या त्या पिवळ्या दगडाच्या घरात हा नियम कुणी घातला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. खाली उम्म मित्री, म्हणजे मित्रीची आई, राहायची, वर उम्म नायिफ, नायिफची आई. एकीच्या भिंतीवर मेरीची तसबीर, दुसरीच्या भिंतीवर मक्केची, आणि मध्ये एक दगडी जिना. दोघी सुना म्हणून या घरात आल्या तेव्हापासून त्या जिन्यावरून ताटल्या खालीवर करत होत्या. खालून ईस्टरच्या खजूर भरलेल्या वड्या आल्या तर वरून द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात जायचा. घरात काही म्हणजे काही नसलं तर मूठभर ऑलिव्ह तरी. रिकामी ताटली परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं, असं उम्म नायिफ म्हणायची.

हियामनं पुढे या ताटलीलाच दोष देऊन पाहिला. पण ताटलीचा काय दोष? दोष लपवाछपवीचा होता, आणि ती हियामनं केली होती.

हियाम ही उम्म नायिफची धाकटी. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आईजवळ राहिली. थोरला नायिफ कुवेतला. तो पैसे पाठवायचा आणि फोनवरून हुकूम सोडायचा. त्या हिवाळ्यात आईच्या पाठीत कळा यायला लागल्या. आधी गार वाऱ्यावर खापर फोडून झालं, मग गादीवर. शेवटी अम्मानच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. कॅन्सर होता. सुरू कुठून झाला देव जाणे, पण मणक्यापर्यंत पोचला होता आणि आता तो काढून टाकण्यातला राहिला नव्हता.

सल्तमध्ये त्या रोगाचं नाव घेत नाहीत. 'तो आजार' म्हणतात, तेही आवाज खाली करून आणि वर 'अल्ला दूर ठेवो' जोडून. नाव घेतलं की त्याला घराचा पत्ता कळतो म्हणे. नायिफ तर इंजिनियर माणूस, पण तोही फोनवर 'ते' असंच म्हणाला.

"यम्माला कळता कामा नये," तो म्हणाला. "कळलं की ती हाय खाईल आणि आठ दिवसांत जाईल. मी सांगून ठेवतो."

"आणि विचारलं तर?"

"तर काहीही सांग. मास्तरीण आहेस ना तू."

डॉक्टर अरूब तरण्या होत्या, फटकळ होत्या. दुखणं कमी करायचं एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांना येत होतं. हियामनं त्यांना खोलीच्या दाराशीच गाठलं. "डॉक्टर, आत तो शब्द नका काढू. मी पाया पडते तुमच्या."

"बाई, मी मॉर्फिन लिहून देतेय, शेंगदाणे नव्हेत," डॉक्टर म्हणाल्या. "घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते ठाऊक असावं."

"मी आहे ना. मी देईन. माझ्या हातानं."

डॉक्टरांनी शेवटी मान हलवली आणि नीट समजावून सांगितलं. गोळी हळूहळू विरघळणारी आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक. दुखायला लागल्यावर घ्यायची ही गोळी नव्हे, दुखणं दाराशी यायच्या आत ती पोटात हवी. एक चुकली की दिवस गेला. सोबत पोट साफ ठेवायचं औषध. सवय लागेल, व्यसन लागेल असल्या गप्पा मारणाऱ्या नातेवाइकांना खुशाल माझ्याकडे पाठवा, हेही त्यांनी सांगितलं.

घरी येऊन हियामनं गोळ्या पाकिटातून फोडल्या, कॅल्शियमच्या जुन्या बाटलीत भरल्या आणि पाकिटं शाळेच्या कचऱ्यात टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"हाडांच्या गोळ्या आहेत, यम्मा."

"का? माझी हाडं काय मातीची झाली?"

"वयानं होतात."

"तुझ्या आजीची नाही झाली. नव्वदीतही गाढवावर बसून वावरात जायची ती."

"गाढवाची झाली असतील मग."

उम्म नायिफ हसली. हसताना पाठ धरून हसली, पण हसली. त्या आठवड्यात गोळ्यांनी गुण दिला. ती पोटभर जेवली, कुशीवर वळून झोपली, आणि एका सकाळी खिडकीशी बसून खालच्या दरीकडे बघत म्हणाली, "यंदा बदाम चुकवायचे नाहीत हं."

दरीत तिच्या माहेरची बदामाची झाडं होती. वसंतात बदाम कोवळे असतात, हिरवे, वरून मखमली, आत पाण्यासारखे, अख्खेच्या अख्खे मिठाला लावून खायचे. दरवर्षी दोघी म्हाताऱ्या रुमालात मीठ बांधून तिथे जायच्या, झाडाखाली दिवसभर बसायच्या आणि गावातल्या प्रत्येकाचा उद्धार करून परत यायच्या. मोजके दिवस असतात ते. मग कवच धरतं आणि संपलं.

"जाऊ की," हियाम म्हणाली. तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. बाकी काही आपल्या हातात नाही, पण आईला एवढा वसंत मिळालाच पाहिजे, बिनदुखण्याचा. हे एकच तिनं देवाकडे मागितलं.

आणि मग गोळ्यांनी काम करणं सोडलं.

सकाळी आई बरी असायची. हियाम तिच्या तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला जवळ ठेवायची आणि बस गाठायला धावायची. दुपारी परत येऊन बघते तर आई पलंगाचा गज धरून पांढरीफटक. ओठ आवळलेले. कळा पायापर्यंत गेलेल्या. संध्याकाळची गोळी हियाम समोर बसून द्यायची, ती चढायला वेळ लागायचा, आणि मग कुठे आईची मूठ सुटायची. रोज हेच.

बदामाला जायचं म्हणून हियामनं शुक्रवारी सुट्टीचा मुहूर्त धरला, शेजारच्या गल्लीतली गाडी ठरवली. नेमका त्या दिवशी नायिफच्या सासरचा गोतावळा समाचाराला येऊन ठाण मांडून बसला. दुसऱ्या वेळी सोमवारी शाळेतून लवकर सुटून आली. उम्म मित्री मिठाची पुरचुंडी घेऊन खाली तयार उभी. आई चार पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून खालीच बसली. "तुम्ही जा," म्हणाली, "मला नाही जमत." कोण जाणार? तिघी त्याच पायरीवर बसल्या आणि उम्म मित्रीनं मीठ परत नेलं.

याउलट उम्म मित्री. तिचे गुडघे म्हणजे गावाला माहीत असलेलं दुखणं. चर्चच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून ती थंडीभर घरातच प्रार्थना करत होती. आणि आता बघावं तर रविवारी काळा झगा घालून तुरुतुरु निघालेली. "संत अल्खद्रनं हात फिरवला गुडघ्यांवरून," म्हणायची. "तेल लावते त्याच्या दिव्यातलं. झोप अशी लागते, हियाम, की स्वतःच्याच घोरण्यानं जागी होत नाही मी." जळकुटेपणा वाईट, पण हियामच्या मनात आलंच: त्या संताला वरचा मजला दिसत नाही वाटतं.

डॉक्टर अरूब बुचकळ्यात पडल्या. "दोन्ही गोळ्या जातात ना पोटात?"

"माझ्या हातानं देते," हियाम म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

"दुपारीच उठतं? रात्री नाही?" डॉक्टरांनी पेन टेबलावर आपटत विचार केला. "ठीक. आजार पुढे सरकला असेल. मात्रा दुप्पट करू या."

नव्या गोळीचा रंग वेगळा होता. "कंपनी बदलली," हियाम आईला म्हणाली. खोटं बोलायला एकदा सुरुवात झाली की जीभ आपणहून वळते.

एक गोष्ट मात्र तिच्या डोळ्यांसमोर घडत होती. आईला चुलीपुढे उभं राहवेनासं झालं तेव्हापासून उम्म मित्रीच्या ताटलीत परत काय ठेवायचं ते हियामच बघायची. संत्री ठेवायची, बिस्किटं ठेवायची. आई नाराज असायची. "ती तुझी संत्री, बाजारातली. माझं काय आहे त्यात?" मग तीच ताटली मांडीवर ओढून घ्यायची, वरचं फडकं स्वतः नीट करायची, आणि दुपारी हियाम ती ताटली खाली पोचवायची. आईचं मन राहावं म्हणून हियामनं कधी फडकं उचलून पाहिलं नाही.

मग एका सोमवारी हियाम शाळेतून आली तेव्हा आई पलंगावर नव्हती. भिंतीला धरत धरत ती जिन्याच्या तोंडाशी येऊन बसली होती, हातात काठी.

"खाली बघ," आई म्हणाली. "केव्हाची काठी आपटतेय, ती उत्तर देत नाही."

दोघींची ती जुनी खूण. वरून काठी, खालून झाडूचा दांडा. हियाम धावत उतरली. उम्म मित्री आरामखुर्चीत होती, मान कलंडलेली, तोंड उघडं. घोरत होती, पण एका घोरण्यापासून दुसऱ्यापर्यंत एवढा वेळ जात होता की हियामला वाटावं, पुढचं आता येतच नाही. ओठ निळसर झाले होते. हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या, कानाशी ओरडली. काही नाही.

अॅम्ब्युलन्स आली. दोन माणसं होती, त्यातला मोठा मिशाळ होता. त्यानं म्हातारीची पापणी उचलली, बॅटरी मारली आणि वळून विचारलं, "काय घेतलंय यांनी?"

"रक्तदाबाची गोळी घेतात. मूत्रपिंडाचीही काहीतरी."

"ते नव्हे. बाहुली टाचणीएवढी झालीय. झोपेचं, गुंगीचं, काय?"

"त्या असलं काही घेत नाहीत."

तेवढ्यात वरून आवाज आला. "मी दिलीय तिला."

हियामनं वर पाहिलं. आई जिन्याच्या कठड्याच्या गजांमधून खाली बघत होती. घर दगडी, जिना उघडा, खालचा शब्द वर आणि वरचा खाली अगदी स्वच्छ जातो.

"माझी हाडांची गोळी दिली," उम्म नायिफ म्हणाली. "काल ताटलीतून. गुडघ्यांना बरं पडतं तिच्या. त्यानं काय होतंय, साधं कॅल्शियम आहे ते. सांग गं त्यांना, हियाम."

एका क्षणात हियामला सगळं दिसलं. तळहातावरची सकाळची गोळी, न प्यालेला पाण्याचा पेला, ओढून घेतलेली ताटली, दुपारची कळ, आणि चर्चच्या पायऱ्या चढणारी उम्म मित्री. ती मिशाळ माणसाजवळ सरकली, त्याच्या कानाशी वाकली आणि पुटपुटली.

"मोठ्यानं बोला, बाई. बाहेर गाडी चालू आहे. कसली गोळी?"

तिनं पुन्हा वर पाहिलं. आई वाट बघत होती, आपण काही वाईट केलं नाही हे लेक आता सांगेल म्हणून. शेजारचे दारात जमले होते. उम्म मित्रीच्या घशातून एक घरघर आली आणि मग काहीच आलं नाही.

"मॉर्फिन," हियाम म्हणाली.

"घरात मॉर्फिन कशाला?"

"माझ्या आईला कॅन्सर आहे."

दारातल्या कुणीतरी 'अल्ला दूर ठेवो' म्हटलं. मिशाळ माणसानं तोवर पिशवी उघडली होती. त्याच्याकडे उतारा होता. सुई टोचली, तोंडावर मास्क चढवला, म्हातारीला उचललं. हियाम सोबत गेली. जाताना तिला वर बघायचा धीर झाला नाही.

उम्म मित्री वाचली. संध्याकाळी डोळे उघडून तिनं पहिल्यांदा आपली कवळी मागितली. मग कळलं की ती गोळी गिळायचीच नाही. घशात अडकते म्हणून उखळात कुटायची आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला दह्यात कालवून खायची. दिवसभर विरघळायची गोळी एका घासात पोटात, आणि त्यातही दुप्पट मात्रेची. आधीच्या गोळ्यांनी मारलं नाही हीच अल्खद्रची कृपा, असं तिथले डॉक्टर नाही, तीच म्हणाली.

हियाम घरी आली तेव्हा आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दिवा लावलेला नव्हता.

"आहे?"

"आहे, यम्मा. बोलतेय."

"बरं झालं. नायिफला ठाऊक आहे?"

"हो."

"त्याच्या बायकोला?"

"...हो."

"म्हणजे मी सोडून साऱ्या जगाला."

हियाम पलंगाच्या कडेला बसली. "तू खचशील असं वाटलं आम्हाला. तो शब्द ऐकून तू..."

"मी दोन लेकरं पुरलीत, तुझ्या आधीची," आई भिंतीशीच बोलली. "नवरा पुरला. तुला काय वाटलं, मी काचेची आहे? मी तिच्यासाठी रडायचे रोज. बिचारीचे गुडघे. म्हटलं, माझं काय, हाडांचं साधं दुखणं, काढेन कळ. तिला निदान देवळात तरी जाता येईल. मी तिला विष देत होते, हियाम. आणि तू ते स्वतःच्या हातानं खाली नेत होतीस."

हियाम रडू लागली. आईनं तिला जवळ घेतलं नाही. हातही मागे केला नाही, तो नुसता पलंगावर पडून राहिला.

दोन दिवस तिनं गोळीला हात लावला नाही. जिच्यापायी उम्म मित्री मरता मरता वाचली ती गोळी माझ्या घशाखाली उतरायची नाही, म्हणाली. ते दोन दिवस हियाम जन्मात विसरणार नाही. शेवटी उम्म मित्रीनंच इस्पितळातून फोनवर तिला झापलं. "घे मुकाट्यानं. माझ्या चुकीची शिक्षा स्वतःला करून घेतेस होय गं? तू घेतली नाहीस तर मी इथलं काही घेणार नाही, मित्रीची शपथ." मग डॉक्टर अरूब स्वतः सल्तला आल्या, पलंगाशी बसल्या आणि सगळं नाव घेऊन सांगितलं, काय आहे, कुठवर आहे, गोळी काय करते. उम्म नायिफनं चार प्रश्न विचारले. हाय बिय काही खाल्ली नाही. पुन्हा लहान मात्रेपासून सुरुवात झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन्ही तिनं स्वतः बाटलीतून काढल्या, पाण्यानं गिळल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी हियाम शाळेतून आली आणि दारातच थबकली. आई उशीला टेकून बसली होती. मूठ उघडी होती. चेहऱ्यावरची ती ताणलेली शीर, जी हियामला आता आईच्या चेहऱ्याचाच भाग वाटायला लागली होती, ती गेली होती.

"ये," आई म्हणाली. "बघ, दुपार झाली ना? काही नाही. दुखतच नाही." तिनं नवलानं आपल्या पाठीवरून हात फिरवला. "एवढी लहान गोळी. एवढं बरं वाटणार होतं होय?"

"हो, यम्मा."

"मग मला सांगितलं असतंस," ती म्हणाली. रागानं नव्हे, अगदी साधेपणानं म्हणाली, त्यामुळे ते जास्त लागलं. "मी दिली नसती गं कुणाला. मी बदामाला गेले असते."

आईचे पाय त्याच आठवड्यात गेले होते. कमरेखाली जोर राहिला नव्हता, मणका खचला होता. आता दुखत नव्हतं आणि चालताही येत नव्हतं. मागितलेला वसंत देवानं दिला होता, लहानशा गोळीच्या रूपानं रोज सकाळी तिच्या हातात ठेवला होता, आणि एका खोट्या नावाच्या बाटलीत भरून हियामनंच तो वाया घालवला होता. हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही. नायिफनंही नाही. गरजच नव्हती.

ती तशीच वळली आणि दरीत गेली, मामाच्या झाडांकडे. उशीर झालाय हे ठाऊक होतं, तरी गेली. फांद्या धुंडाळल्या, सावलीतली खालची झाडं बघितली. कोवळं एक मिळालं नाही. शेवटी त्यातल्या त्यात हिरवे होते ते ओटीभर तोडून आणले, धुतले, मीठ घेतलं आणि आईपुढे ठेवले.

आईनं एक उचलला, बोटानं त्याची लव चाचपली, मिठाला लावला आणि तोंडात घातला. चावायला गेली. कवच धरलं होतं. तिनं तो थोडा वेळ गालात धरला, मीठ चोखलं, आणि मग हातावर काढून ठेवला.

"छान आहे," म्हणाली. "बाकीचे उम्म मित्रीला दे. कालपासून तिची ताटली आपल्याकडे पडलीय."

"मावशीला दात कुठे आहेत, यम्मा?"

"मला तरी कुठे आहेत? तिला कळेल. रिकामी नको जायला."

उम्म मित्री आदल्याच दिवशी घरी परतली होती. तिचे गुडघे पुन्हा पहिल्यासारखे झाले होते, म्हणून ती वर येऊ शकत नव्हती, आणि उम्म नायिफ आता कधीच खाली जाऊ शकणार नव्हती. हियामनं ताटलीत बदाम ठेवले. आईनं ताटली मांडीवर ओढून घेतली, सवयीनं फडकं नीट केलं आणि तिच्या हातात दिली.

जिन्याच्या वळणावर हियाम थांबली. वरून दिसत नाही ना हे पाहून तिनं फडकं उचललं आणि एकेक बदाम बाजूला सारून खाली बघितलं. काही नव्हतं. नुसते बदाम होते. तिनं फडकं पुन्हा जसंच्या तसं घातलं, ताटली मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि तोंडात ओढणीचं टोक कोंबून रडली. मग खालून झाडूचा दांडा वाजला, तशी डोळे पुसून उठली आणि ताटली पोचवायला गेली.